क्रश सँडच्या जागी टायरचा चुरा घालून बघितला, क्यूब फुटेचना!

गिलावा
मंडळी, धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा. साताऱ्याजवळ माझं पेव्हर ब्लॉकचं छोटं युनिट आहे, दोन व्हायब्रेटिंग टेबलं, एक मिक्सर, सहा माणसं. मेव्हण्याचं टायर रिमोल्डचं दुकान आहे आणि त्याच्या मागच्या जागेत साईडवॉल फाटलेल्या, रिमोल्डच्या लायकीच्या न उरलेल्या टायरांचा डोंगर साठलाय. दर पावसाळ्यात नगरपालिकेची डासवाली माणसं येतात, एकेक टायर उलटा करून बघतात, आत अळ्या वळवळत असतात, मेव्हणा बोलणी खातो आणि पुढच्या वर्षी परत तेच. मग म्हणाला, दाजी तुम्ही रोज एवढा माल ओतता, घाला की हे त्यात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरत होताच, टायरमुळे काँक्रीट दुप्पट मजबूत वगैरे.

अख्खा टायर काही मिक्सरमध्ये जात नाही, म्हणून पुण्याकडच्या एकाकडून दोन पोती क्रम्ब (टायरचा बारीक चुरा) आणली, ३० मेश, म्हणजे चहापावडरीपेक्षा बारीक, आणि एक पोतं जाड चुरा. पहिल्याच घाण्यात माती खाल्ली. १०० किलो क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) लागते तिथे ९० किलो सँड आणि १० किलो रबर, एवढं सरळ गणित केलं. मिक्सरमध्ये माल फुगला की हो! घमेल्यात घेतला तर हलका, कोरडा, आणि मुठीत दाबून सोडला की स्पंजासारखा परत उघडायचा. भाचा डिप्लोमा सिव्हिलला आहे, तो बघून हसायलाच लागला. म्हणाला मामा, वजनाने नाही, घनफळाने बदलायचं, वाळू पाण्याच्या अडीच पटीहून जड आणि रबर जेमतेम सव्वा पटीच्याही आत, तुमच्या १० किलो रबराने २३ किलो वाळूची जागा खाल्ली. तो घाणा गेटसमोरच्या खड्ड्यात गेला.

दुसऱ्यांदा नीट केलं. साधा एम२० चा माल (म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब झेलणारा), त्यात वाळूच्या घनफळाच्या १० टक्के आणि २० टक्के रबर, आणि एक बिनरबराचा. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे ठोकळे, भरले, टेबल सुरू केलं आणि अर्ध्या मिनिटात वर काळे ठिपके जमायला लागले, बाजरीच्या भाकरीवर तीळ थापावेत तसे. रबर हलकं, ते वर येणारच, हे आता कळतंय.

२८ दिवसांनी भाच्याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फोडले. बिनरबराचा ६१० किलोन्यूटनला गेला, म्हणजे साधारण २७, फाडकन आवाज, बाजू उडाल्या, मधे डमरू उरला, नेहमीसारखा. १० टक्केवाला ४९५ ला, म्हणजे २२. आणि २० टक्केवाला ३५० ला थांबला, म्हणजे साडेपंधरा. पण त्याने आवाजच केला नाही! काटा चढला, थांबला, हळूहळू उतरायला लागला, क्यूबवर उभ्या भेगा पडल्या आणि तो तसाच अख्खा उभा. लॅबवाला आमच्याकडे बघतोय, फुटला म्हणून लिहू का नको लिहू? मी तो घरी आणला आणि घणाने हाणला, सात-आठ घाव खाल्ले तेव्हा दोन तुकडे झाले.

तर प्रश्न असा, की ताकद कमी पण चिवट, असल्या मालाचं करायचं काय? कोणी केलंय का?

सुमडीत_कोंबडी
आमच्याकडे टायर फक्त आंदोलनातच वापरतात ब्वा. तुम्ही काँक्रीटमध्ये घातलेत तर पोरांनी चौकात जाळायचं काय? 😄

पीडब्ल्यूडी_काका
गिलावा, तुझा प्रयोग चांगला झालाय, आकडे वाचून खोटं वाटलं नाही म्हणून लिहितोय. मी खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. ह्यात नवीन काही नाही बाबा, १९९३ साली अमेरिकेत एल्दिन आणि सेनूसी ह्या दोघांनी हेच छापलं होतं, टायरचे तुकडे खडीच्या नाहीतर वाळूच्या जागी घातले की ताकद पडते पण मोडायची पद्धत बदलते, काँक्रीट ठिसूळपणा सोडतं. तुझ्या लॅबवाल्याने जे पाहिलं तेच.

आता का पडते ते ऐक. तो दोन तुकडे झालेला क्यूब टाकू नकोस, तुटलेल्या बाजूला उन्हात धरून बघ. रबराचा कण जिथून निघालाय तिथे गुळगुळीत, चकचकीत खळगा दिसेल, सिमेंट त्याला चिकटलेलंच नसतं. रबराला पाणी आवडत नाही, पाण्याला रबर आवडत नाही. ओल्या मालात त्या कणाभोवती हवा अडकते, आणि सुकल्यावर तो कण म्हणजे मऊ गादी. खडी-वाळू भार घेतात, हा दबतो आणि शेजारच्या सिमेंटवर भार ढकलतो. म्हणजे काँक्रीटमध्ये तू मुद्दाम भोकं ठेवलीस आणि त्यात उशी भरलीस असं समज.

गिलावा
काका, आत्ता बॅटरी मारून बघितलं. अगदी बरोबर, खळगे आहेत आणि नखाने उचकटलं तर कण अलगद निघतोय, जसा पिकल्या जांभळाचा बी.

घरबांधणी_चालू
नमस्कार, मी इथे नवीन आहे. बारामतीजवळ घर बांधतोय, प्लिंथ झालंय. आमचा ठेकेदार म्हणतो की स्लॅबमध्ये १० टक्के रबर टाकू, घर गार राहतं, भूकंपाला चांगलं आणि वाळू वाचते. टाकू का? वर १० टक्क्यांना २२ आलंय म्हणजे एम२० च्या वरच आहे ना?

पीडब्ल्यूडी_काका
अजिबात टाकू नका. ताबडतोब नाही म्हणून सांगा.

२२ आलं म्हणजे एम२० झालं असं होत नाही. साईटवरचा माल रोज सारखा नसतो, म्हणून एम२० डिझाईन करताना २६.६ चं टार्गेट धरतात, १.६५ गुणिले ४ वर मिळवून. गिलावाचा बिनरबराचा माल त्या टार्गेटला कसाबसा पोचलाय आणि रबरवाला नाही. दुसरं, खडी-वाळूचं भारतीय मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत तोडलेल्या काँक्रीटच्या खडीलासुद्धा जागा दिलीय, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तेही एम२५ पर्यंतच. त्यात टायरचं रबर कुठेही नाही. उद्या स्लॅब झोला मारला तर तो ठेकेदार फोन तरी उचलेल का? आणि स्लॅब फक्त फुटण्यावर जात नाही हो, वाकण्यावर जातो. रबराने काँक्रीट लवचिक होतं म्हणजे तेवढ्याच भाराला जास्त वाकतं.

गार राहतं हे खरं आहे, रबरातून उष्णता कमी जाते. पण त्यासाठी स्लॅबच्या वरचा कोबा आहे की.

घरबांधणी_चालू
धन्यवाद काका. ठेकेदाराला हा धागाच पाठवला. त्याने निळ्या टिका करून सोडल्यात.

यारा_काठची_मनू
मेलबर्नहून. त्या व्हॉट्सॲप व्हिडिओबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण तो आमच्या इथल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या २०२२ च्या कामावरून आला असणार. त्यांनी वाळू नाही तर खडी, तीही पूर्ण १०० टक्के, टायरच्या तुकड्यांनी बदलली. पण सगळी गंमत साच्यात आहे. ओला माल खास बनवलेल्या साच्यात भरून तो दाबून ठेवला, रबर आवळलं गेलं आणि त्याच अवस्थेत सिमेंट कडक झालं. त्यामुळे ताकद जवळपास दुप्पट झाली. पण कशाच्या दुप्पट? न दाबलेल्या रबर काँक्रीटच्या! साध्या काँक्रीटच्या नाही. बातमीतून तेवढं एक वाक्य गळलं की झाला व्हिडिओ.

मी इथे स्ट्रक्चरल ऑफिसात आहे, आमच्याकडे ॲडलेडच्या बाजूला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसवर घराच्या पायाचे स्लॅब खरोखर रबराचे ओतून बघितलेत, म्हणजे ठरवून, मोजून, वर्षानुवर्षं नजर ठेवून. मजूर लोकांना माल ओतायला घोटायला फारसा फरक वाटला नाही म्हणे. पण तो स्लॅब जमिनीवर टेकलेला असतो, बारामतीच्या दादांचा हवेत असणार आहे. हा फरक विसरू नका.

गिलावा, तुझ्या मशीनवर हा दाबायचा प्रकार जमेल का? पेव्हरला हायड्रॉलिक प्रेसवाली मशीन असते ना?

गिलावा
ताई, माझं रबराच्या साच्यात माल ओतून टेबलवर हलवायचं काम आहे, प्रेसवालं मशीन शेजारच्या गाळ्यात आहे. त्याला विचारलं. पण प्रेस माल दाबतं आणि लगेच सोडतं, ब्लॉक ओलाच बाहेर पडतो. रबर दाबून ठेवायचं असेल तर साच्यासकट दिवसभर आवळून ठेवावं लागेल, आणि प्रेस वर उचलली की रबर परत फुगून ब्लॉक फाटेल असं तो म्हणतोय. त्याला रिकामे साचे हजार लागतील. नाद सोडला.

ऑरेंजसिटी_टायर
नागपूरहून भाऊ. बापाच्या काळापासून टायरचाच धंदा आहे, आता जरा आमच्या बाजूनं ऐका.

तुम्ही लोकं टायर म्हणजे रबर समजून राहिले. ट्रकचा रेडियल कापून पाहा एकदा, आत पोलादी तारांचा बेल्ट, बीडमध्ये, म्हणजे रिमला बसते त्या कडेत, जाड तारेचा कडा, अन कारच्या टायरमध्ये वरून कापडी दोरा. हे सगळं वेगळं काढल्याशिवाय चुरा होत नाही. अगोदर बीडची तार खेचून काढतात, मग श्रेडर, मग ग्राइंडर, मग चुंबकावरून माल फिरवून तार काढतात, मग दोरा उडवतात. विजेचं बिल पाहिलं ना तर कळते चुरा किलोनं काहून विकतात. जुना नायलॉन टायर बरा होता, तार फक्त बीडमध्ये, कापायला सोपा, गावोगावी त्याच्याच टायरी चपला व्हायच्या. रेडियल आले अन चपलावाले बसले.

रिमोल्डवाल्याकडे मात्र एक फुकटचा माल असते, बफिंगचा चुरा. जुन्या टायरची घासणी केली का बारीक लांबट रबर निघते, तार नाही, दोरा नाही, एकदम साफ. गिलावाभाऊ, मेव्हण्याला विचारा तो त्याचं काय करते.

गिलावा
विचारलं. पोत्यात भरून विकतो म्हणे, मॅटवाले घेऊन जातात. आणि हा मला दोन महिने सांगतोय टायर न्या टायर न्या! जो माल विकला जातो तो गुपचूप विकतो आणि जो विकला जात नाही तो दाजींना.

सुमडीत_कोंबडी
मेव्हणा तो मेव्हणाच 😂

डॉ_शंकासूर
मी केमिस्ट्रीवाला आहे, म्हणून खडा टाकतो. टायरमध्ये झिंक ऑक्साइड असतं, गंधक असतं, कार्बन ब्लॅक असतं, आणि रबर तडकू नये म्हणून सिक्स-पीपीडी नावाचं रसायन असतं. हे ओझोनशी भिडलं की त्यातून दुसरंच एक विष तयार होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यातले कोहो सालमन मासे का मरतात ह्याचा शोध लागायला कितीतरी वर्षं गेली, २०२० च्या शेवटी समजलं की रस्त्यावर झिजलेल्या टायरच्या धुळीतून हे येतंय. युरोपने २०२३ मध्ये खेळाच्या मैदानावरच्या रबराच्या दाण्यांवर बंदी आणलीय, आठ वर्षांची मुदत देऊन. तुमचे ब्लॉक झिजणार, चुरा गटारीत जाणार, गटार कृष्णेत. ह्याचा विचार कोण करणार?

यारा_काठची_मनू
शंका रास्त आहे पण सुटा दाणा आणि सिमेंटमध्ये अडकलेला दाणा ह्यात फरक करायला हवा ना? मैदानावरचा दाणा मोजे-बुटात घरी येतो, पावसात वाहतो. काँक्रीटमधला बराचसा आतच राहतो. तरी झिजणाऱ्या पृष्ठभागावर काय होतं हे बघायला हवं हे मान्य. आणि ज्या धुळीने मासे मेले ती चालत्या गाड्यांच्या टायरची, ती तर रोज उडतेच आहे.

डॉ_शंकासूर
मान्य. पण माझं म्हणणं एवढंच की कचरा दिसेनासा झाला म्हणजे तो संपला असं नाही. फ्लोरिडात १९७२ मध्ये माशांना घर होईल म्हणून २० लाखांच्या आसपास टायर समुद्रात सोडले होते, ऑसबोर्न रीफ नावाने. बांधलेल्या दोऱ्या-क्लिपा गंजून तुटल्या आणि ते टायर लाटांबरोबर फिरून शेजारचं खरं प्रवाळ घासायला लागले. आता पाणबुडे एकेक वर काढतायत. त्या वेळीही सगळ्यांना कल्पना झकासच वाटली होती.

कोकणचो_झील
मग रस्त्याच्या भरावात घाला ना! आमच्या घाटात दर पावसाळ्यात भराव खचतो, टायरचे तुकडे हलके, पाणीही झिरपून जातं, जड मुरुमापेक्षा बरे.

पीडब्ल्यूडी_काका
झीला, करतात तसं, परदेशात त्याचा मानकसुद्धा आहे. पण त्याची एक गोष्ट आहे. १९९५ साली वॉशिंग्टन राज्यातच दोन ठिकाणी असे टायरच्या तुकड्यांचे भराव घातले, जाडी आठ मीटरच्या पुढे. काही महिन्यांत भराव आतून तापायला लागला आणि धूर यायला लागला, कोणीही काडी न लावता! उघड्या पडलेल्या तारा गंजताना उष्णता सोडतात, हवा आणि पाणी मिळतंच, आणि एवढ्या जाड थरातून ती उष्णता बाहेर पडत नाही. मग नियम केला की एक थर तीन मीटरपेक्षा जाड नको आणि उघड्या तारांचं, बारीक चुऱ्याचं प्रमाण मर्यादेत हवं. आपल्याकडे तीन मीटर म्हणजे तीनच मीटर असं घाटात कोण मोजत बसणार ते सांग.

टायरच्या आगीचं तर नावच काढू नका. कॅनडात हॅगर्सव्हिलला १९९० मध्ये सव्वा कोटीच्या वर टायरांचा ढीग पेटला, १७ दिवस विझला नाही.

आजीचा_बटवा
सगळं वाचतेय हं, अर्धं कळतंय. आमच्या सोसायटीत मुलांच्या बागेत ते रबराचे लाल-हिरवे टाईल्स बसवलेत, आपटलं तरी लागत नाही म्हणून. संभाजीनगरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात दुपारी त्यातून असा वास सुटतो की बागेशेजारच्या फ्लॅटवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. नातू अनवाणी उतरला तर बेडकासारखा उड्या मारत परत आला. आता पाच वाजता पाइपने पाणी मारतो तेव्हा मुलं खेळायला जातात. टायर वाचवला आणि पाणी घालवलं!

गिलावा
आजी 😄 तो टायरचा चुरा आणि पीयू नावाचा गोंद. खाली टायरचं काळं, वर रंगीत थर. काळं ऊन पिणारच.

विचारणारा_विचारतो
ते मदुराईच्या प्रोफेसरांनी केलेले टायरचे रस्ते आपल्याकडे का नाही करत?

पीडब्ल्यूडी_काका
त्यांचं प्लास्टिक, टायर नाही. वासुदेवन सर, २०१८ ला पद्मश्री मिळाली. ते कॅरीबॅगचं प्लास्टिक तापलेल्या खडीवर वितळवून चढवतात.

टायर डांबरात घालायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ॲरिझोनात फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडॉनल्ड नावाचा इंजिनीअर होता, १९६० च्या दशकात तो रस्त्याच्या भेगांना काय लावावं ह्याच्या मागे लागला होता, गरम डांबरात टायरचा चुरा शिजवून त्याने ठिगळं लावली आणि ती टिकली. आपल्याकडे त्याला सीआरएमबी म्हणतात, आणि ते आपण करतोच, वर्षानुवर्षं. आमच्याकडे बहुतेक ५५ ग्रेडचं यायचं. इथे मात्र रबर आपल्या माणसांत असतं. डांबरात ते फुगतं, तेल पितं, डांबर घट्ट होतं, उन्हाळ्यात चाकोरी कमी पडते, थंडीत तडे कमी जातात. सिमेंट त्याला परकं, डांबर सोयरं.

पण इथेही हलगर्जीपणा चालत नाही. मी साईटवर असताना एक टँकर आला, दोन दिवस रस्त्यात अडकलेला, आतलं ढवळणं बंद. वरून काढलेलं सॅम्पल पातळ साधं डांबर, आणि टाकी रिकामी होत आली तशी खालून जी खीर यायला लागली, रबर सगळं बुडाशी! मी परत पाठवला. वरिष्ठांचा फोन आला की घ्या भागवून. नाही भागवलं. त्या वर्षी माझी बदली झाली, जाऊ दे.

सुमडीत_कोंबडी
काका इज्जत 🙏

गिलावा
गंमत बघा. माझ्या मालात रबर वर तरंगतं आणि काकांच्या टँकरात तळाला जातं.

ऑरेंजसिटी_टायर
आता खरं दुखणं सांगतो. हे काँक्रीट, डांबर, मॅट सगळं मिळूनही उरलेला टायर जाते पायरोलिसिसला. बंद भट्टीत टायर हवेशिवाय तापवतात, तेल निघते, ते तेल जाळायला विकते, खाली काळी भुकटी अन तार उरते. तंत्र वाईट नाही, नीट केलं तर. पण शहराबाहेर ज्या भट्ट्या आहेत ना, रात्री दोनला झाकण उघडतात, सकाळी दोरीवरचे कपडे काळे. कामगाराला मास्क म्हणून गमछा. कुठं कुठं तर टायर सरळच जाळतात, वीटभट्टीत, गुऱ्हाळात, चिपाडं ओली असली का दोन टायर टाकले. त्या गुळाचा चहा आपण पिऊन राहिलो.

सरकारनं जुलै २०२२ मध्ये ईपीआरचा नियम आणला, टायर बनवणाऱ्या अन आणणाऱ्या कंपन्यांनी विकले तेवढ्या प्रमाणात जुने टायर रिसायकल झाल्याची सर्टिफिकेटं घ्यायची, पहिल्या वर्षी ३५ टक्के, मग ७०, मग १००. अन पायरोलिसिससाठी बाहेरून भंगार टायर आणायला बंदी. त्यानं चुरावाल्यांना थोडे दिवस आले. सिमेंट कारखान्याच्या भट्टीतही टायर जातात, आमच्या चंद्रपूरकडे कारखाने किती तुम्हाला माहीतच आहे. तिथं १४५० डिग्री आच, सगळं जळते अन टायरची तारही वाया जात नाही, तिचं लोखंड क्लिंकरमध्येच मुरते. म्हणजे गिलावाभाऊ, टायर तुमच्या सिमेंटमध्ये असाही येऊनच राहिला, तुम्ही परत वरून कायले टाकता? 😀

गिलावा
हे भारी सांगितलंत भाऊ. भाचा हे वाचून दिवसभर हसतोय.

पण मी हार मानलेली नाही, दोन गोष्टी अजून केल्या, लिहितो.

एक, चुरा धुतला. कुठेतरी वाचलं की कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवला तर रबरावरची मेणचट झिंकवाली साय जाते आणि सिमेंट धरतं. पण कॉस्टिक म्हणजे हात भाजणार, माझ्याकडची माणसं हातमोजे दोन तासांत काढून खिशात घालतात, आणि ते पाणी टाकायचं कुठे? म्हणून नुसत्या पाण्यात एक रात्र भिजवला. सकाळी पिंपावर काळा फेस आणि बोट बुडवलं तर ग्रीससारखं. तीन पाण्यांनी धुतला, मग थोड्या सिमेंटच्या रबडीत घोळवला, शंकरपाळ्याला पाक चढवतात तसा, आणि एक दिवस सुकवून मग मालात घातला. १० टक्क्यांचा क्यूब ४९५ वरून ५४० ला आला. म्हणजे २४. आहे फरक! पण ह्यासाठी एक माणूस दीड दिवस गुंतला. क्रश सँड ब्रासने येते आणि क्रम्ब किलोने, त्यावर ही मजुरी. ताकद भरून काढायला सिमेंट वाढवलं तर उरलेला फायदाही गेला, आणि पर्यावरणाचं पुण्यही गेलं.

दोन, कुठे खपेल ते शोधलं. पेव्हरचं आयएस १५६५८ बघितलं, नुसत्या चालायच्या जागेलासुद्धा एम३० मागतं, हलक्या गाड्यांना ३५, पुढे ४०, ५०. मग गाड्यांच्या जागेचा नाद सोडला. बागेतल्या पायवाटेसाठी फक्त वरचा १५ मिलिमीटरचा थर रबर घातलेल्या मालाचा आणि खालचा नेहमीचा माल, असे दोन थराचे ४० ब्लॉक केले. वरचा थर ओला असताना टेबल फक्त दहा सेकंद चालवलं, तीळ वर आले तरी हरकत नाही, उलट पकड मिळते. आमच्या शेडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत बसवलेत, तिथे कायम शेवाळ असतं आणि माणसं घसरतात.

पीडब्ल्यूडी_काका
हे चांगलं केलंस. दोन थर सुटे होतात का त्यावर लक्ष ठेव. उन्हाळ्यात रबर जास्त प्रसरण पावतं, सांध्यात पाणी शिरलं तर वरचा थर पोळीसारखा पापुद्रा धरून निघेल. दोन्ही थर एकाच घटकेला भर, खालचा सुकू देऊ नकोस.

यारा_काठची_मनू
गिलावा, अजून एक दिशा देते. रबराऐवजी टायरमधला तो कापडी दोरा, जो चुरावाले उडवून फेकतात. कॅनडात व्हँकुव्हरला यूबीसी विद्यापीठात नेमकुमार बांठिया ह्यांच्या टीमने तो धागा काँक्रीटमध्ये घातला, जेमतेम ०.३५ टक्के. ओल्या मालाला सुकताना पडणाऱ्या भेगा ९० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या, आणि २०१७ मध्ये कॅम्पसवरच्या एका इमारतीच्या पायऱ्या तो धागा घालून ओतल्या. तुझ्या धंद्यात कोबा, ट्रेमिक्सचं (ओल्या काँक्रीटमधलं पाणी ओढून केलेल्या फरशीचं) काम येतं का? तिथे बघ.

ऑरेंजसिटी_टायर
तो दोरा आमच्याकडे ढिगानं पडून आहे ताई, कोणी फुकटात नेत नाही. गिलावाभाऊ पत्ता द्या, ट्रान्सपोर्टनं पोतं पाठवतो. पण त्यात रबराचा चुरा अडकलेला राहते, विंचरून घ्या.

गिलावा
पाठवा भाऊ, व्यनि केलाय. ट्रान्सपोर्टचं माझ्याकडे.

घरबांधणी_चालू
गिलावा साहेब, स्लॅबचं राहू दे, पण गोठा पण बांधतोय, चार म्हशी आहेत. काँक्रीटवर बसून गुडघे सोलतात. तिथे रबराचं काँक्रीट चालेल का? तिथे तर ताकद नको.

गिलावा
हा प्रयोग झालाय आमच्याकडे, नकळत. पहिला घाणा गेटसमोर ओतला होता ना, तिथे वडिलांची गाय बांधतात. काँक्रीट मऊ होईल असं वाटलं होतं, तसं काही होत नाही. हातोडी मारली तर ठण्ण ऐवजी ठप्प वाजतं एवढाच फरक, गाईच्या गुडघ्याला दगड तो दगडच. वर शेण-मुताने दोन महिन्यांत पृष्ठभाग खरबरीत झाला आणि कण सुटायला लागले.

वडिलांनी काय केलं सांगतो. मेव्हण्याकडून जे मॅटवाले बफिंगचा चुरा नेतात त्यांच्याकडूनच रबराची मॅट आणली, खालून खाचा असलेली, आणि माझ्या काँक्रीटवर अंथरली. गाय पहिल्या दिवशी हुंगत उभी राहिली, रात्री बसली. तुमच्या कोब्याला साधा एम२० घाला, मुतारीकडे फुटाला पाव इंच उतार द्या, आणि वर मॅट टाका. मेव्हण्याला सांगतो, म्हशीच्या मापाची आहे का बघायला.

घरबांधणी_चालू
चार हव्यात. आणि धुवायला उचलता येतात का? म्हणजे एका माणसाला?

गिलावा
गाईची एका माणसाला जड जाते, दोघं लागतात. ओली असली की घसरते हातातनं, कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवून घ्या.